घाटावरची रोजकीर्द

उज्जैनच्या मराठी घरांत ‘दुकान’ हा शब्द बराच काळ जरा खालच्या आवाजातच निघायचा. राणोजी शिंद्यांनी इथे राजधानी केली, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभारलं, आणि त्यांच्या मागोमाग देशावरून, कोकणातून आलेली घरं कारकुनी, फडणिशी, भिक्षुकी करत माळव्यात रुजली. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली तरी यातली पुष्कळ घरं शिप्रेकाठीच राहिली. संस्थानचा पगार पहिल्या तारखेला येत होता, आणखी काय हवं होतं? मोठी माणसं अभिमानाने नावं घ्यायची तीही त्याच धाटणीची. जंतरमंतराची जुनी वेधयंत्रं विसाव्या शतकात पुन्हा कामाला लावणारे गोविंद सदाशिव आपटे, १९५७ साली भीमबेटकाच्या गुहाचित्रांचा शोध लावणारे विष्णू श्रीधर वाकणकर, उज्जैनला शिकलेले आणि हिंदी कवितेत मोठं नाव केलेले गजानन माधव मुक्तिबोध. सगळे विद्येचे. तराजू धरणारा कुणी या यादीत नव्हता.

त्यामुळे आमच्या आजोबांनी, म्हणजे आप्पांनी, रामघाटाच्या वाटेवर पूजासाहित्याचं दुकान टाकलं तेव्हा नात्यागोत्यात कुजबुज झाली. २८ मे १९४८ ला संस्थानं मिळून मध्य भारत झाला, कचेऱ्यांची फेरजुळणी सुरू झाली, कुणाला ग्वाल्हेर तर कुणाला इंदूर मिळालं. आप्पांचे आईवडील थकलेले होते. बदली घेतली असती तर त्यांना कुणाच्या जिवावर सोडणार? त्यांनी राजीनामा दिला आणि घाटाला जाणाऱ्या उतारावर एक गाळा भाड्याने घेतला. हळद, कुंकू, अष्टगंध, अबीर-बुक्का, कापूर, जानवी, दर्भ, काळे तीळ, सातू. भिंतीवर नाशकाहून आणलेल्या तांब्याच्या पळ्या आणि पंचपात्रं. एका आत्याबाईंनी म्हणे विचारलं होतं, “आता तू पुड्या बांधणार?” आप्पांनी उत्तर दिलं ते आमच्या घरात अजून वापरतात: “बांधतो की. सुटणार नाही अशी बांधतो.”

आम्ही त्या घरातली तिसरी पिढी. सख्खी-चुलत धरून भावंडांचं एक टोळकं. आता कुणी इंदूरला, कुणी पुण्याला, एक ताई न्यू जर्सीत, आणि दादा अजून त्याच दुकानात. लग्नाकार्याला जमलो की विषय फिरून दुकानावरच येतो, आणि प्रत्येकाचं दुकान वेगळं असतं. दादाला आठवतो तो गिऱ्हाइकांचा गलका. ताईला कुंकवाने लाल झालेली आपली नखं आठवतात, शाळेत बाई रोज हात पुढे करायला लावायच्या. मला आठवतो ओल्या नोटांचा वास.

रामघाटावर पैसा ओलाच येतो. माणूस नदीत बुडी मारून बाहेर येतो, पंचाच्या गाठीतून नाहीतर ओल्या कनवटीतून नोट काढतो आणि नारळ मागतो. संध्याकाळी गल्ला घरी आला की तो सरळ स्वयंपाकघरात जायचा. भाकरी झाल्यावर उतरवलेल्या कोमट तव्यावर माई, म्हणजे आजी, एकेक नोट पालथी घालायची, पापड उलटावा तितक्याच निगुतीने. नाणी आमच्याकडे. पाच पैसे, दहा पैसे, चार आणे, वेगवेगळ्या ढिगाऱ्यांत. नोटांना कुंकू लागलेलं, नाण्यांना बुक्का, आणि सगळ्यांना मिळून कापराचा दर्प.

मग वाचन व्हायचं. जेवणं उरकली, चूल सारवली की आप्पा भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि रोजकीर्द नानांपुढे सरकवायचे. नाना म्हणजे माझे वडील. ते मोठ्याने वाचायचे: शिल्लक इतकी, जमा इतकी, खर्च इतका, अमक्याचं देणं, तमक्याचं येणं. ऐकायला सगळे. भाऊकाका, आई, काकू, माई, आम्ही पोरं, पाहुणा आला असेल तर पाहुणाही. काकू वाती वळता वळता मधेच म्हणायची, “कापूरवाल्याचं परवा दिलंय की, पुन्हा कसं?” आणि नाना पान उलटून तपासायचे. एक-दोनदा नव्हे, बऱ्याचदा काकूचंच बरोबर निघायचं. लिहिता येत असूनही माईने कधी वही हातात घेतली नाही. पण पंचक्रोशीच्या यात्रेकरूंची उधारी तिला तोंडपाठ होती.

ही उधारी हा एक वेगळाच प्रकार. वैशाखाच्या रणरणत्या उन्हात खेड्यापाड्यांतली माणसं डोक्यावर गाठोडं घेऊन पंचक्रोशीला निघतात. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून त्याच्याकडून बळ मागून घ्यायचं, पाच दिवसांत ११८ किलोमीटर चालायचं, आणि परत येऊन मातीचे घोडे वाहून ते बळ देवाला परत करायचं. बळसुद्धा उसनं घ्यायचं आणि फेडायचं अशी ज्यांची रीत, ती माणसं दुकानाचे अडीच रुपये कसे बुडवतील? “अगली पंचक्रोशी में दे दूँगा, बा,” एवढं बोलून गेलेला म्हातारा वर्षाने नेमका यायचा. तो आला नाही तर माई पैशांची नव्हे, त्याची काळजी करायची. मग एखादे वर्षी त्याचा मुलगा यायचा, डोकं भादरलेलं, आणि न मागता पैसे पुढे ठेवायचा.

बुडालेली उधारीही होती, नाही असं नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजेत ठेवण्याआधी जुनी एकदा शेवटची वाचली जायची. ज्यांच्याकडून आता यायची आशा नाही त्या नावांपुढे आप्पा बारीक अक्षरात ‘शिप्रार्पण’ असं लिहायचे आणि ती रक्कम नव्या वहीत ओढायची नाही. भाऊकाका चडफडायचे. ते मुळात हिशेबाला कडक, आणि त्यांच्या दृष्टीने चाळीस रुपये म्हणजे चाळीस रुपये. आप्पांचं म्हणणं एवढंच की हे नाव पुढच्या वहीत आलं तर वर्षभर रोज रात्री ते वाचावं लागेल, आणि वाचलं की तुझी झोप जाईल. तेव्हा चाळीस रुपयांत झोप स्वस्त पडते. यात अध्यात्म नव्हतं, सरळ व्यवहार होता. स्वतःचा धंदा करणाऱ्याला कुणी बुडीत खातं मिटवून देत नाही. ते त्याचं त्यालाच मिटवावं लागतं, आणि त्याला तारीख ठरलेली असली तरच ते मिटतं.

नोकरदाराच्या घरात महिना असतो, आमच्या घरात हंगाम होते. श्रावणाचंच घ्या. माळव्याचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे हिंदी भाषकांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो आणि आपला पंधरा दिवस उशिरा सरतो. महाकालाची सवारीही दोन्ही पंचांगांना धरून चालते. श्रावणातले सोमवार झाल्यावर भाद्रपदाच्या वद्य पक्षातही पालखी निघते, ती मराठी श्रावणाच्या हिशेबाने. पालखी रामघाटावर येते, शिप्रेच्या पाण्याने देवाला अभिषेक होतो आणि ती गोपाळ मंदिरावरून परत फिरते. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं ते मंदिर. अशा तऱ्हेने आमच्या दुकानाला श्रावण दीड महिन्याचा मिळायचा. त्याच्या पाठीवर पितृपक्ष. सगळ्या बाजारात मंदी, कापडवाला माश्या मारतोय, सराफ पेपर वाचतोय, आणि आमच्याकडे तीळ-दर्भ-पत्रावळींना श्वास घ्यायला उसंत नाही. घाटावर छत्र्यांखाली बसलेले तीर्थपुरोहित एकेका यजमानाला त्याच्या खापरपणजोबांचं नाव वहीतून काढून दाखवायचे. आप्पा म्हणायचे, या घाटावर दोनच वह्या खऱ्या, त्यांची आणि आपली. त्यांच्यात कुणी खोडाखोड करत नाही, आपल्यात करू देत नाही.

मार्गशीर्ष-पौषात सगळं थंड. थंडीत नदीवर धुकं, समोरच्या काठावरचा दत्त आखाडाही धड दिसायचा नाही आणि गिऱ्हाईकही. त्या महिन्यांत रोजकीर्दीचं वाचन दोन ओळींत आटपायचं. “जमा अकरा रुपये. खर्च, चहा.” पण वाचन चुकायचं नाही. उलट ताईचं म्हणणं असं की आप्पा चांगल्या दिवसापेक्षा वाईट दिवशीच ते जास्त आवर्जून करून घ्यायचे.

आणि पूर. दर पावसाळ्यात एकदा तरी शिप्रा रामघाटाच्या पायऱ्या गिळून घाटावरची देवळं कळसापर्यंत बुडवते. गाळा उतारावर वर असल्याने सहसा पाणी शिवायचं नाही, पण एका वर्षी रात्रीतून चढलं. खालच्या फळीवरची कुंकवाची पोती भिजली आणि सकाळी पाणी ओसरलं तेव्हा दुकानापासून घाटापर्यंतचा सगळा उतार लालभडक. येणारे-जाणारे थबकून बघत होते. एक बाई तर वाकून नमस्कार करून गेली. त्या रात्री वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात नानांनी वही उघडली आणि पहिलीच ओळ वाचली: “खर्च, कुंकू, दोन पोती, शिप्रामाईला.” क्षणभर कुणी बोललं नाही, आणि मग माई जी हसायला लागली ती डोळ्यांना पदर लावूनच थांबली. हसू आणि रडू यांतलं नेमकं काय होतं ते आम्हाला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गाळा धुवायला घरातले झाडून सगळे गेलो, कारण किती गेलं आणि किती उरलं हे प्रत्येकाला माहीत होतं.

आप्पांना आम्ही कायम शांत माणूस म्हणून ओळखलं. संध्याकाळी दुकान वाढवलं की ते घाटाच्या पायरीवर दहा मिनिटं टेकायचे, घरी येऊन जेवायचे, वाचन ऐकायचे आणि पडल्यापडल्या घोरायला लागायचे. लोक म्हणायचे, रोज नदी बघतो ना, म्हणून. आम्हीही बरीच वर्षं तसंच मानलं. पण त्याच नदीकाठी दिवसरात्र बसणारे, देवाचं नाव घेत घेत आतून कुढणारे दुकानदार आम्ही पाहिले आहेत. आजूबाजूच्या एका गाळ्यातल्या गृहस्थांचं कर्ज किती होतं हे त्यांच्या बायकोला ते गेल्यावर सावकार दारात आला तेव्हा कळलं. धंदा त्यांचा आमच्यापेक्षा मोठा होता. फरक नदीचा नव्हता. आप्पांच्या डोक्यावरचं ओझं रोज रात्री नऊ जणांत वाटलं जायचं, इतकंच.

अर्थात वाटणी झाली की ती वाट्याला येतेही. हे ताई नेहमी ऐकवते, आणि तिचं खरं आहे. शाळेची सहल मांडूला जाणार होती. तिने घरी विचारलंच नाही. आदल्या रात्रीच्या वाचनात तिने शिल्लक ऐकली होती. “आप्पा शांत झोपायचे,” ती म्हणते, “कारण मी जागी असायचे.” काकूचंही एक पालुपद आहे. फुलवाती, गेजवस्त्रं, कापसाची माळ, हे सगळं घरातल्या बायका दुपारी पाठ मोडेपर्यंत करायच्या आणि वहीत त्याची मजुरी कधी लागली नाही. एकदा तिने भर वाचनात विचारलं, “वाती ‘जमा’मध्ये आहेत, मग वळणारीचा ‘खर्च’ कुठाय?” आप्पा विचारात पडले. पुढच्या महिन्यापासून ‘वाती, घरच्या’ अशी खर्चाची ओळ सुरू झाली आणि ते पैसे काकूच्या आणि आईच्या डब्यात पडू लागले. रक्कम किरकोळ होती. पण हिशेब बंद खोलीत झाला असता तर प्रश्नच निघाला नसता.

सिंहस्थाच्या वर्षी या सगळ्याची परीक्षा व्हायची. गुरू सिंहेत, सूर्य मेषेत, आणि चैत्री पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत अख्खा देश उज्जैनमध्ये. १९८० च्या सिंहस्थाला माल भरायला पैसे नव्हते. चार रात्री घरात खल झाला आणि आईच्या पाटल्या गहाण टाकायचं ठरलं. ठरवलं आईने, आप्पा तयार नव्हते. महिनाभर आम्ही दुकानातच झोपलो. सिंहस्थ उलगडला तेव्हा पहिलं काम पाटल्या सोडवण्याचं झालं. उरलेली रक्कम आप्पांनी वेगळ्या डब्यात टाकली आणि सांगितलं की हे पैसे रोजच्या खर्चाला नाहीत. बारा वर्षांत एकदा येतो तो पाहुणा, त्याच्या भरवशावर चूल पेटवायची नाही. त्यातून पुढे वरची खोली झाली, ताईचं लग्न झालं. १९९२ ला शेजाऱ्यांनी पलीकडच्या काठावर दुसरा ठेला लावायचा आग्रह केला. आप्पांनी रात्री विचारलं, “बसणार कोण?” सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नाना आणि भाऊकाका दुकानात, आमच्या परीक्षा, बायका वातींत. कुणी हात वर केला नाही. “मग नको,” आप्पा म्हणाले आणि विषय संपला. कमाई हातची गेली असेलही. त्याची हळहळ मात्र पुढे कधी कुणाच्या तोंडून ऐकली नाही, कारण नको म्हणणारे आम्ही सगळेच होतो.

पुढे आप्पा-माई गेले, नाना थकले, दुकान दादाकडे आलं. धंदा वाढला. २०१६ च्या सिंहस्थात ५ मेच्या वादळाने मंडप कोलमडले, माणसं दगावली, त्यातूनही दुकान सावरलं. २०२० चा मार्च आला आणि घाटावर चिटपाखरू उरलं नाही. मग ११ ऑक्टोबर २०२२ ला मंदिराभोवतालच्या ‘महाकाल लोक’ परिसराचं उद्घाटन झालं आणि गर्दीला सुमार राहिला नाही. एरवी जो मंगळवार सुस्त जायचा तोही सोमवारसारखा झाला. दादाने गाळा रुंद केला, दोन पोरं कामाला ठेवली, गल्ल्यावर क्यूआर कोडची पाटी आली. नोटा ओल्या होईनाशा झाल्या, कारण नोटाच येईनाशा झाल्या. पैसा सरळ दादाच्या मोबाइलमध्ये. वाचायला वही नाही, ऐकायला कुणी नाही. आकडे फक्त दादा बघायचा, तेही रात्री एक वाजता, अंथरुणात, पाठ फिरवून. आप्पांच्या कैक पटींनी कमावणारा हा माणूस रक्तदाबाच्या गोळ्या खाऊ लागला.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहे. एका रात्री ती दादाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “वाच.” दादा म्हणाला, “काय वाचू?” “जे बघतोयस ते. मोठ्याने.” दादा वैतागला. व्याज, हप्ते, होलसेलवाल्याचं बाकी, तुला काय कळणार, असं बरंच बोलला. काकू तिथेच बसली. शेवटी त्याने वाचलं. वहिनी ऐकत होती. गाळा रुंद करायला काढलेल्या कर्जाचा खरा आकडा तिने त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. नंतर दोन दिवस घरात अबोला होता, हेही सांगितलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी वहिनीने माहेरची एक ठेव मोडायचा विषय काढला आणि पुतण्याने दुकानाच्या मालाची यादी संगणकावर घ्यायला सुरुवात केली. कर्ज फिटलेलं नाही. पण दादा आता दर शनिवारी रात्री सगळ्यांना बसवून आठवड्याचा हिशेब वाचतो.

त्या वाचनाला आम्ही बाकीचेही फोनवरून असतो. पुण्याचा धाकटा चुलतभाऊ घरी बसून पुस्तकांची मुखपृष्ठं करतो. त्याचं गिऱ्हाईक तीन-तीन महिने पैसे देत नाही. तो आधी नुसता ऐकायचा, मग एके शनिवारी त्याने आपलंही येणं-देणं वाचून दाखवलं. आवाज जरा कापत होता. काकूने विचारलं, “यातलं शिप्रार्पण कुठलं?” त्याने दोन नावं सांगितली. “मग लिही की,” ती म्हणाली, “आणि त्यांचं नवं काम घेऊ नकोस.” धंद्यातला इतका नेमका सल्ला त्याला कुठल्या शिबिरात मिळाला नव्हता.

सध्या शनिवारी वाद चालू आहे तो २०२८ चा. सिंहस्थासाठी शिप्रेला नवे घाट होताहेत, रस्ते रुंद होताहेत, आणि पुतण्याला नव्या घाटाकडे दुसरं दुकान हवं आहे. त्याने भाडं, माल, नफा, सगळं तक्त्यात मांडून दाखवलं. आकडे चोख आहेत. दादा अर्धा तयार, वहिनी अर्धी नाराज, न्यू जर्सीच्या ताईने पैसे घालायची तयारी दाखवली. काकूने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा प्रश्न विचारला: बसणार कोण? पुतण्या म्हणाला, मी. “आणि वाती?” तो म्हणाला, विकतच्या आणू. “विकतच्या आण,” काकू म्हणाली, “पण खर्चात दाखव.” पुढच्या शनिवारी तो नवा तक्ता घेऊन बसणार आहे, आणि आम्ही सगळे ऐकणार आहोत.